"उपयोगी आहे" म्हणजे "गरजेचं आहे" असं नसतं हो

सध्या एक मेसेज फिरतोय, मला स्वतःलाच तीनदा आलाय. त्यात म्हटलंय की घातक केमिकल कुठे खरंच गरजेचं आहे हे ठरवत बसलात तर उद्या इन्हेलर बंद, हार्टची ऑपरेशनं बंद, कंपन्या काय वेड्या नाहीत, गरज असते म्हणूनच घालतात, आणि एवढ्याशा प्रमाणाने कुणाला काही होत नाही.

आधी इन्हेलरचंच बघू, कारण नेमकं हेच उदाहरण त्यांच्या अंगावर उलटतं. सीएफसी वायूने (फ्रिजमध्ये, स्प्रेच्या डब्यांत आणि इन्हेलरमधून औषध बाहेर ढकलायला वापरायचे तो) ओझोनचा थर विरतोय म्हणून १९८७ चा माँट्रियल करार झाला, आणि १९९२ मध्ये त्याच कराराखाली "अत्यावश्यक वापर" कशाला म्हणायचं ते ठरलं. दोन मुख्य अटी होत्या. तो वापर आरोग्य, सुरक्षितता किंवा समाजाचं कामकाज चालण्यासाठी लागतोच का, आणि परवडणारा, तब्येतीला न् पर्यावरणाला चालणारा पर्याय खरंच नाही का. दोन्हींचं उत्तर "हो" हवं, एकावर भागत नाही. डिओच्या फवाऱ्याला हे जमणारच नव्हतं (अमेरिकेने तर सीएफसीचे बहुतेक स्प्रे १९७८ लाच बंद केले होते), पण दम्याच्या इन्हेलरला जमलं आणि त्याला सूट मिळाली. म्हणजे गॅस तोच, डब्यातून फवारायचं कामही तेच, एकाला नाही म्हटलं आणि दुसऱ्याला हो. बंदी घालून पेशंटला वाऱ्यावर सोडलं असं कुठे झालं? आणि ती सूटही कायमची नव्हती, किती सीएफसी लागणार ते देशांना पुन्हापुन्हा मागून घ्यावं लागायचं, त्यामुळे दुसरा गॅस शोधायची घाई होती.

"कंपन्या उगाच घालतील का?" हो, घालतात की! २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएने ट्रायक्लोसॅनसकट १९ जंतुनाशक घटक घरगुती अँटीबॅक्टेरियल साबण-हँडवॉशमधून काढायला लावले, का तर साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त काम करतात हे कंपन्यांना दाखवताच आलं नाही. इतकी वर्षं बाटलीवर मोठ्या अक्षरात छापलं होतं आणि पुरावा मागितला तर हात वर. हॉस्पिटलातली उत्पादनं मात्र त्या नियमात नव्हती, त्यांचा विचार वेगळा ठेवला होता. परत तेच, प्रश्न केमिकलचा नाही, कुठे वापरताय त्याचा आहे.

पीएफएएसचंही तसंच, म्हणजे पाणी-तेल चिकटू न देणारी, कार्बन-फ्लोरिनवाली केमिकलांची मोठी टोळी. हृदयाच्या आसपासच्या रक्तवाहिनीच्या जागी बसवतात त्या कृत्रिम नळीत हे मटेरियल असतं, त्याला हात लावा असं कोणी म्हणत नाहीये. पण बर्फावर घसरायच्या स्कीच्या तळाला चोळायच्या मेणात? शर्यतीत जरा जास्त घसरायला होतं म्हणून? आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने २०२३-२४ च्या सीझनपासून ते बंद केलं, शर्यती चालूच आहेत.

"एवढ्याशाने काय होतं." एकदाच पोटात गेलं आणि बाहेर पडलं तर प्रमाणाचा मुद्दा ठीक आहे. पण पीएफएएसमधली कार्बन-फ्लोरिनची जोडी निसर्गात जवळजवळ तुटतच नाही, आणि त्यातल्या पीएफओएसारख्या काहींचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच काही वर्षं जातात. थोडंथोडं जाकिटातून, थोडंथोडं पॅकिंगमधून, थोडंथोडं पाण्यातून, आणि बेरीज तुमच्या अंगात, प्रत्येक कंपनी म्हणणार आमचं तर इवलंसंच.

मेसेजमधला एक मुद्दा मात्र मान्य, पर्याय कधीकधी तितकाच वाईट निघतो. प्लास्टिकच्या बाटल्या-डब्यांतलं बीपीए नावाचं केमिकल काढून "बीपीए फ्री" लिहिलं आणि आत त्याचंच भावंड बीपीएस घातलं, तेही हॉर्मोनच्या कामात ढवळाढवळ करतं असं अभ्यासांत दिसलं. इन्हेलरमध्ये सीएफसीच्या जागी आलेला गॅस ओझोनला काही करत नाही पण हवा तापवतो. म्हणून काय जुनंच चालू ठेवायचं? त्यापेक्षा भावंडं असलेल्या केमिकलांना एकेक करून नाही तर एकत्र धरायचं. जानेवारी २०२३ मध्ये डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वीडन यांनी पीएफएएसच्या दहा हजारांहून जास्त पदार्थांवर एकदमच निर्बंधांचा प्रस्ताव मांडला तो याच विचाराने, आणि त्यातही पर्याय नसलेल्या वापरांना जास्तीची वर्षं दिली आहेत.

तर तो मेसेज पुढे पाठवायचा असेल तर खुशाल पाठवा, फक्त इन्हेलरच्या ओळीत एवढं जोडा की अमेरिकेत नेहमीच्या साल्ब्युटामॉल (दम्यात श्वास मोकळा करणारं औषध) इन्हेलरमधली सीएफसीची सूट २००८ च्या शेवटी संपली आणि लोक अजून इन्हेलर घेतायत.