लोकलचा माणूस

नागपूरचा मेहुणा चार दिवसांसाठी आला आणि चपला काढता काढताच म्हणाला, "भाऊजी, मोबाइलवर पाहून काही होत नाही. तुम्ही इथले लोकल माणूस. तुम्हीच सांगा, खायचं कुठं, पाहायचं काय आणि..." इथं त्याने स्वयंपाकघराकडे नजर टाकून आवाज खाली आणला, "बसायचं कुठं?"

लोकल माणूस तर मी आहेच. तेवीस वर्षं ठाण्यात राहतो, म्हणजे सकाळी आठ-बाराची फास्ट पकडतो आणि रात्री मिळेल त्या गाडीने परत येतो. कितवा डबा जिन्यासमोर लागतो ते विचारा, झोपेत सांगेन. पण ठाणं? ते मला रविवारी दुपारी, गादीवरून, खिडकीतून दिसतं तेवढंच.

"अहो, नीट फिरवा हं त्याला," आतून आवाज आला. "गेल्या वेळी नुसता डी-मार्ट दाखवलात."

खाण्याची चिंता नव्हती. ठाणेकराला पाहुणा आला की पाय आपोआप मामलेदारकडे वळतात. कचेरीवरून नाव पडलेली ही मिसळ. रविवारी तिथे बसायला जागा मिळवणं ही कला आहे. ज्याचा शेवटचा पाव उरलाय त्याच्या पाठीशी उभं राहायचं आणि त्याच्या घासाकडे टक लावून पाहायचं. माणूस लाजून उठतो.

मी मेहुण्यासाठी मीडियम सांगणार होतो.

"तिखट सांगा," तो म्हणाला. "आम्ही सावजी खाणारी माणसं, भाऊजी."

पहिल्या घासाला तो हसला. दुसऱ्याला सावजीबद्दल काहीतरी सांगायला लागला. तिसऱ्याला वाक्य अर्धंच राहिलं. कानांच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग नाक, मग डोळ्यांतून पाणी. नागपूरची अब्रू पणाला लागली होती, त्यामुळे चमचा थांबला नाही. शेवटी पाण्याचा आख्खा जग रिकामा करून, रुमालात तोंड खुपसून तो म्हणाला, "बरी आहे. थोडी अळणी वाटली."

बाहेर पडल्यावर त्याला म्युझियम आठवलं. माझ्या पोटात गोळा आला. मग एकदम सुचलं! "चल, संग्रहालय दाखवतो," म्हणत त्याला थेट मराठी ग्रंथ संग्रहालयात नेलं. 1893 साली स्थापन झालेली संस्था आहे, नावातच संग्रहालय आहे, आणखी काय पाहिजे? पाच मिनिटं तो कपाटांसमोरून फिरला.

"भाऊजी, ही तर लायब्ररी आहे."

"जुनी आहे," मी म्हणालो.

मग किल्ला. ठाण्याला किल्ला आहे हे खूप जणांना माहीत नसतं, कारण त्याचं कधीच जेल झालं. बांधायला घेतला पोर्तुगीजांनी 1730 मध्ये, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला, 1774 मध्ये इंग्रजांनी. आतून बघायचा तर आधी गुन्हा करावा लागतो, तो सोपा उपाय मी मेहुण्याला सुचवलाही. तो हसला नाही. भिंतीकडे बघत म्हणाला, "कान्हेरेंना इथंच फाशी दिली ना?" हो, इथंच. नाशकात जॅक्सनला मारल्याबद्दल अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे, 19 एप्रिल 1910. तेवीस वर्षं मी या भिंतीजवळून रिक्षाने जातो, ते मीटरकडे बघत. नागपूरच्या माणसाला तारीखवार माहीत होतं.

येताना स्टेशनापाशी त्याने पहिल्या रेल्वेचा विषय काढला. 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे. चारशे! आज तेवढे एकट्या आठ-बाराच्या दारात लटकतात. पण मला त्या दिवसाच्या ठाणेकराची दया आली. गाडी धाडधाड येऊन थांबली असेल, त्यातून कुणाचा तरी मेहुणा उतरला असेल आणि म्हणाला असेल, "हं, आता काय दाखवता?"

संध्याकाळी बसायचा प्रश्न आला. मेहुण्याच्या मित्राने घोडबंदर रोडवरची कुठली तरी जागा सांगितली होती, जिथे बिअर तिथल्या तिथे बनवतात. निघालो. मेट्रोचे खांब मोजत मोजत पाऊण तासात माजिवड्यापासून जेमतेम पुढे सरकलो. बिअर बनवून, पिऊन, उतरली असती एवढ्यात. शेवटी रिक्षा वळवली आणि म्हटलं, "स्टेशनकडे एक परमिट रूम आहे म्हणे."

परमिट रूम हे नाव 1949 च्या दारूबंदी कायद्याचं देणं. पिणाऱ्याला परवाना लागतो. तो कुणी कुणाकडे मागितलेला मी पाहिलेला नाही. आत नेहमीसारखा अंधार होता, एका हाताने भिंत चाचपत मी मेहुण्याला पुढे नेलं आणि शक्य तेवढ्या परक्या चेहऱ्याने मेनूकार्ड मागितलं.

वेटरने मेनूकार्ड आणलंच नाही. उकडलेले चणे, वर कांदा, लिंबाची फोड, अशी बशी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, नेहमीचंच ना? या बुधवारी आला नाहीत."

"काय करून राहिले भाऊजी!" मेहुणा एवढ्या जोरात हसला की कोपऱ्यातल्या टेबलावरचे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दचकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दोघांनीही टीव्हीवर मॅच बघायला सुरुवात केली. टीव्ही बंद होता.

दुसऱ्या दिवशी तलावपाळीला नावेत बसलो. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. पाण्यावरून कोपिनेश्वराचं देऊळ वेगळंच दिसतं, हे मी मेहुण्याला सांगणार तोच नाववाल्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "ठाण्यात नवीन का, काका?"

मेहुणा तोंड उघडणार होता. मी त्याचा गुडघा दाबला.

"हो," म्हणालो. "नागपूरहून आलोय."

"मग मिसळ खाऊन जा," तो म्हणाला. "पण मीडियमच सांगा. तुम्हाला झेपणार नाही."