आरेच्या मानवी साखळीत मी होते आणि आज मेट्रोनेही जाते

मुंबईच्या मेट्रो ३ ने आरेहून कफ परेडला जाताना गाडीतला फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत कुणीतरी माझा २०१९ चा फोटो शोधून खाली चिकटवला. भर पावसात, गोरेगावजवळच्या आरेच्या जंगलात पिकनिक पॉइंटजवळ झाडतोडीविरुद्ध केलेली मानवी साखळी, माझ्या हातात पुठ्ठ्याचा फलक. ‘तेव्हा विरोध केलात, मग आता बसता कशाला?’ त्याखाली विकासविरोधी, पैसे घेऊन आलेली, आणि इथे लिहिता येणार नाही असं बरंच काही.

म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मेट्रोला माझा विरोध कधीच नव्हता. गोरेगावहून सकाळची लोकल पकडणाऱ्या बाईला मेट्रो नको असेल का? विरोध होता तो कारशेड, म्हणजे मेट्रोच्या गाड्या ठेवण्याची आणि दुरुस्त करण्याची जागा, आरेतल्या ३३ हेक्टरवर उभारण्याला. जागा मिठी नदीकाठची. २६ जुलै २००५ च्या पुरात मिठीने काय केलं, ते या शहराला सांगावं लागू नये. आणि तिथे प्रजापूरपाडा होता, पिढ्यान् पिढ्या तिथे राहणारी आदिवासी कुटुंबं होती. साखळीत माझ्या शेजारी पाड्यावरच्या एक मावशी होत्या. त्यांना पर्यावरण शिकवायला कुणी गेलं नव्हतं, उलट कोणतं झाड कशाचं हे त्याच आम्हाला दाखवत होत्या.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. त्यात विद्यार्थी होते, परीक्षा तोंडावर आलेले. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं पडली होती. निकालानंतर झाडं तोडणं कायद्यात बसत असेलही. पण लोकांना वरच्या कोर्टात जायला एक दिवससुद्धा मिळू नये, याचा राग मला आजही आहे आणि तो मी लपवणार नाही.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. माझा फोटो कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरला. अनोळखी माणसं माझं ऑफिस कुठलं ते विचारू लागली. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांनी लिहिलं, ‘नोकरीवर बालंट आणशील.’ आईला झोप लागेना. फोटो काढून टाक, असं खूप जणांनी प्रेमाने सांगितलं. मी काढला नाही. शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या कलमाने दिला आहे. तो वापरल्याचा पुरावा मी स्वतःच्या हाताने का पुसू?

मात्र भाबडेपणाही उपयोगाचा नाही. फोन नंबर, ऑफिसचं नाव, मित्रयादी, सगळं झाकलं. धमक्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवले आणि सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. इतरांचे चेहरे दिसतील असे फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत, हे आम्ही मैत्रिणींनी ठरवलं. मोर्चाला जाणाऱ्या तरुण मुलामुलींनो, हे आधीच करा. तुमच्या एका फोटोमुळे शेजारच्या मुलीच्या घरी वादळ उठू शकतं.

काकांना मात्र ग्रुपवर उत्तर दिलं नाही. फोन केला आणि खूप वेळ बोललो. चारचौघांत माणूस हट्टाला पेटतो, एकट्याशी बोललं की ऐकतो. कारशेड शेवटी तिथेच झाली ते योग्यच झालं, असं त्यांचं मत अजून आहे. असू दे. दिवाळीला आम्ही एकाच ताटाभोवती बसतो आणि तोच विषय काढतो.

आता त्या मूळ प्रश्नाचं उत्तर. मेट्रो कुणा एका पक्षाने किंवा नेत्याने दिलेली भेट नाही. तिच्यासाठी जायका या जपानी संस्थेचं कर्ज घेतलं आहे, ते तुमच्या-माझ्या पैशातून फिटणार. एखाद्या निर्णयाला विरोध केला म्हणून शहरातल्या सोयींवरचा माझा हक्क संपत नाही. धरणाला विरोध केलेल्या माणसाने नळाचं पाणी पिऊ नये, असं आपण म्हणतो का? मी तिकीट काढून बसते. आरेतून तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावलेली किती जगली, हेही विचारत राहते. दोन्ही कामं नागरिकाचीच आहेत.

ज्यांना कारशेडबद्दल, मिठीबद्दल, पाड्याबद्दल खरंच विचारायचं आहे, त्यांनी खाली विचारा. मतभेद असले तरी वेळ काढून उत्तर देईन. आईवर घसरणाऱ्याला ब्लॉक करेन आणि स्क्रीनशॉट तक्रारीला जोडेन.