मेक्सिको सिटी पाहायची तर आधी तिच्या पायाखालची जमीन पाहा

मेक्सिको सिटीला जाऊन आलेल्या मराठी मंडळींच्या पोस्ट वाचल्या की एक ठरलेली यादी समोर येते: कोयोआकानमधले चित्रकार फ्रीडा काहलोचे निळे घर, रोमा आणि कोंदेसा भागांतली कॉफीची दुकाने, सोचिमिल्कोची रंगीत नावेतली सफर आणि एक दिवस तेओतिवाकानच्या पिरॅमिडांसाठी. यादीत वावगे काही नाही. ही ठिकाणे मीही आवडीने पाहिली आहेत. माझी तक्रार एवढीच आहे की ती सुटी सुटी पाहिली जातात, आणि हे शहर एका आटवलेल्या सरोवरावर उभे असून आजही त्या गाळात खचत आहे ही मूळ गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. ती लक्षात ठेवून फिरले, तर एखादी इमारत का कलली, एखाद्या वस्तीतली भाडी आधी का कोसळली आणि मग का भडकली, कुठे नळ कोरडे का असतात, या सगळ्यांची उत्तरे रस्त्यावरच मिळू लागतात.

समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरच्या, डोंगरांनी वेढलेल्या या खोऱ्यात पूर्वी एकमेकांना जोडलेली पाच सरोवरे होती. त्यांपैकी तेस्कोको सरोवरातल्या एका बेटावर मेशिका लोकांनी, म्हणजे आपण ज्यांना ॲझ्टेक म्हणतो त्यांनी, परंपरेनुसार १३२५ मध्ये तेनोच्तित्लान हे नगर वसवले आणि बांध, कालवे व पाण्यातून जाणारे रस्ते बांधून ते पाण्याच्या कलाने चालवले. १३ ऑगस्ट १५२१ रोजी स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेसच्या फौजेने आणि तिच्या बाजूने लढणाऱ्या स्थानिक राज्यांनी हे नगर पाडले. स्पॅनिशांनी राजधानी त्याच जागी ठेवली, पण पाण्याशी जुळवून घेण्याऐवजी पाणीच हाकलून लावायचे ठरवले. पाणी सहजासहजी गेले नाही. १६२९ मध्ये आलेला पूर ओसरायला जवळजवळ पाच वर्षे लागली. १९०० मध्ये पोर्फिरिओ दियासच्या राजवटीत निचऱ्याचा मोठा कालवा थाटामाटात सुरू झाला खरा, परंतु जमिनीखालचे पाणी उपसल्यामुळे शहर खचत गेले तसतसा त्या कालव्याचा उतारच नाहीसा झाला आणि सांडपाणी पंपाने वर चढवण्याची पाळी आली. शेकडो वर्षे पाणी बाहेर काढण्यासाठी झटलेले हे शहर आज पिण्याच्या पाण्यासाठी जमीन उपसते आणि त्या उपशामुळे आणखी खाली जाते, हा दैवदुर्विलास मला तिथल्या कोणत्याही पिरॅमिडापेक्षा अधिक विचार करायला लावणारा वाटतो.

सुरुवात सोकालो या मुख्य चौकापासूनच करावी. इथल्या कॅथेड्रलचे बांधकाम १५७३ ते १८१३ असे तब्बल २४० वर्षे चालले. आत गेल्यावर बहुतेक लोक सोन्याने मढवलेल्या वेदीकडे वळतात. मी म्हणेन, आधी घुमटाखाली उभे राहा. तिथे वरून एक लांबलचक तार खाली सोडलेली आहे आणि तिच्या टोकाला वजनदार ओळंबा लटकतो. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी वापरतो तोच ओळंबा, फक्त भव्य आकाराचा. फरशीवर त्याच्या टोकाखाली वेगवेगळ्या वर्षांच्या खुणा केलेल्या आहेत आणि त्यांवरून इमारतीचा कल कसा सरकत गेला ते नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. कॅथेड्रलचा काही भाग जुन्या मेशिका वास्तूंच्या दगडी अवशेषांवर टेकलेला आणि काही भाग निव्वळ गाळावर, त्यामुळे एक बाजू भराभर खचत होती आणि दुसरी मागे राहत होती. १९९० च्या दशकात अभियंत्यांनी यावर जो उपाय केला तो ऐकायला उफराटा वाटतो: खचलेली बाजू उचलण्याऐवजी त्यांनी वर राहिलेल्या बाजूखालची माती थोडी थोडी काढून घेतली आणि तिलाही खाली येऊ दिले. पुढे पिसाचा मनोरा सावरण्यासाठीही हेच तंत्र वापरले गेले. खचणे थांबवणे शक्य नसेल तर निदान ते समतोल व्हावे, असा हा व्यवहारी विचार आहे आणि या शहराच्या स्वभावाला तो शोभून दिसतो.

कॅथेड्रलला लागूनच तेम्प्लो मायोर, म्हणजे तेनोच्तित्लानचे मुख्य मंदिर आहे. फेब्रुवारी १९७८ मध्ये वीज कंपनीचे कामगार खोदकाम करत असताना त्यांना कोयोल्शाउकी या देवतेची सव्वातीन मीटर व्यासाची कोरीव शिळा सापडली आणि त्यानंतर वसाहतकाळातल्या इमारतींसह आजूबाजूची घरे पाडून इथे उत्खनन झाले. या मंदिराच्या माथ्यावर दोन गाभारे होते, एक युद्धदेव वित्सिलोपोच्तलीचा आणि दुसरा पर्जन्यदेव त्लालोकचा. ते पुन्हा पुन्हा वाढवताना जुन्यावर नवे असे थर चढत गेले आणि आज ते कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकात एक उघडे दिसतात.

तिथून पश्चिमेला थोडे चालले की बेयास आर्तेस हा संगमरवरी कलाप्रासाद लागतो. १९०४ मध्ये सुरू झालेला आणि राज्यक्रांतीमुळे रखडत १९३४ मध्ये पुरा झालेला हा प्रासाद स्वतःच्या वजनाने काही मीटर खाली गेला आहे, तर समोरचा ४४ मजली तोरे लातिनोअमेरिकाना १९५६ पासून सगळे मोठे भूकंप सोसून उभा आहे, कारण लिओनार्दो सेएवार्त या अभियंत्याने गाळाचा स्वभाव ओळखून त्याचा पाया रचला. पासेओ दे ला रेफोर्मा या हमरस्त्यावरच्या स्वातंत्र्यस्तंभाची गोष्ट याहून गमतीची आहे. १९१० मध्ये उभारलेला स्तंभ आपल्या खोल पायावर जागच्या जागी राहिला आणि भोवतालचा रस्ता खाली खाली जात राहिला, त्यामुळे स्तंभापर्यंत पोहोचण्यासाठी पुढे १४ पायऱ्या वाढवाव्या लागल्या. तिथे स्तंभाच्या माथ्यावरच्या सोनेरी देवदूताबरोबर सेल्फी काढणाऱ्यांनी एकदा त्या पायऱ्याही मोजून पाहाव्यात.

आता थोडे विषयांतर, पण मराठी वाचकाला ते चालेल. सोकालोच्या उत्तरेला काही मिनिटांवर सांतो दोमिंगोचा चौक आहे. तिथल्या कमानींखाली लग्नपत्रिका छापणारे आणि टंकयंत्रावर इतरांचे अर्ज व पत्रे लिहून देणारे लेखनिक बसतात. त्याच्याच जवळ शिक्षण मंत्रालयाची जुनी वास्तू आहे आणि तिच्या चौकाभोवतीच्या भिंती चित्रकार दिएगो रिव्हेराने १९२३ ते १९२८ या काळात रंगवल्या. त्यांतल्या एका चित्रात सर्व थरांतली माणसे एका मेजाभोवती बसली असून मध्यभागी एक जण भाकरी वाटून देत आहे. ती व्यक्ती म्हणजे वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे, असे मानले जाते. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या गदर चळवळीतला हा क्रांतिकारक वणवण करत मेक्सिकोला पोहोचला, शहराबाहेर तेस्कोकोजवळच्या चापिंगो येथील कृषी विद्यालयात शिकवू लागला, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. निळ्या घरासमोर तासभर रांगेत उभे राहणाऱ्या मराठी प्रवाशांपैकी किती जण या भिंतीपर्यंत जातात, हा प्रश्न मला खरोखर पडतो.

रोमा आणि कोंदेसा या कोलोनियांविषयी (वस्तीला तिथे कोलोनिया म्हणतात) माझे मत जरा तिखट आहे. दोन्ही वस्त्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या आणि दिसायला देखण्या, यात वाद नाही. कोंदेसातला आम्स्टरडॅम नावाचा लंबवर्तुळाकार रस्ता एका जुन्या घोडशर्यतीच्या मैदानाच्या आखणीवर बेतलेला आहे, आणि त्यावरून झाडांच्या सावलीत चालत राहिले की माणूस निघाल्या जागी परत येतो. पण १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाचा केंद्रबिंदू साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर, पॅसिफिक किनाऱ्यावर असतानाही रोमामधल्या इमारती कोसळल्या, कारण सरोवराच्या मऊ गाळात भूकंपाच्या लाटा कमी होण्याऐवजी अधिकच हेलकावतात. ज्यांना जमले ते सोडून गेले, भाडी उतरली, मग कलावंत आले, त्यांच्यामागे उपाहारगृहे आली आणि अलीकडच्या वर्षांत डॉलरमध्ये पगार घेऊन लॅपटॉपवर काम करणारे परदेशी आले. १९ सप्टेंबर २०१७ रोजी, १९८५ च्या स्मरणार्थ होणारा वार्षिक सराव आटोपून दोन-अडीच तास होतात न होतात तोच खरा भूकंप आला आणि याच भागांना पुन्हा तडाखा बसला. तरी भाडी चढतच राहिली, इतकी की जुलै २०२५ मध्ये मूळ रहिवासी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. आपण पर्यटक तिथल्या अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांत उतरतो तेव्हा या चढत्या भाड्यांत आपलाही वाटा असतो, हे कोणी पोस्टमध्ये लिहीत नाही.

दक्षिणेला जावे तशी जमीन बदलते. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाचा परिसर ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्ह्यावर बांधलेला आहे, आणि तिथल्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या चारही भिंतींवर हुआन ओ'गॉर्मन याने रंगीत दगडांचे तुकडे बसवून चित्रे केली आहेत. पश्चिमेकडे, चापुल्तेपेकच्या उद्यानातले मानववंशशास्त्र संग्रहालय (१९६४) तर चुकवूच नये. त्याच्या दारात त्लालोकची मानली जाणारी सुमारे १६८ टनांची मूर्ती उभी आहे. एप्रिल १९६४ मध्ये, ऐन कोरड्या ऋतूत, ती गावकऱ्यांचा विरोध डावलून कोआतलिंचान गावातून आणली त्या दिवशी शहरात धो धो पाऊस पडला. पर्जन्यदेवाने निषेध नोंदवला की आनंद व्यक्त केला, यावर तिथे अजून गप्पा रंगतात.

पाण्याचा प्रश्न प्रत्यक्ष पाहायचा असेल तर पूर्वेकडच्या इस्तापालापाला जावे. सुमारे १८ लाख वस्तीचा हा भाग प्रवासी पुस्तकांत क्वचितच सापडतो. २०२१ पासून इथे डोंगरउतारावरच्या वस्त्यांवरून रज्जुमार्ग जातो. तो पर्यटकांसाठी नसून कामावर जाणाऱ्यांसाठी आहे आणि त्याचे भाडे अगदी किरकोळ आहे. पाळण्यात बसल्यावर खाली गच्च्यांवर रंगवलेली भली मोठी चित्रे दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात, गच्चीवर राखण करणारी कुत्री दिसतात, आणि जवळजवळ प्रत्येक छतावर पाण्याची टाकी दिसते, कुठे एक, कुठे तीन-तीन. नळाला पाणी रोज येईलच असे नाही. काही गल्ल्यांत टँकरच येतो आणि त्याला तिथे पिपा म्हणतात. दूरच्या कुत्सामाला योजनेचे पाणी हजार मीटरहून अधिक चढवून पश्चिमेकडून शहरात आणले जाते, आणि पूर्वेच्या या टोकापर्यंत ते पोहोचेतो त्यात फारसा जीव उरलेला नसतो. शिवाय उपशामुळे जमिनीला भेगा पडून घरे तडकतात ती वेगळीच. परक्यांच्या गरिबीकडे तमाशा म्हणून पाहण्याचा हा सल्ला नव्हे. रोजच्या प्रवाशांसारखे रांगेत उभे राहावे, पाळण्यात बसावे आणि उतरावे.

सोचिमिल्को मात्र शेवटी ठेवावे, कारण ते सरोवराचे उरलेले अंग आहे. गाणी-बाजा आणि बिअरच्या नावा ज्या धक्क्यांवरून सुटतात तिथे मजा आहे, पण शेती फारशी दिसत नाही. कुएमांकोच्या धक्क्यावरून पहाटे निघाले तर चिनाम्पा, म्हणजे उथळ पाण्यात गाळ आणि पाणवनस्पतींचे थर चढवून, कडेने झाडे लावून पक्के केलेले शेतीचे लांबट तुकडे पाहता येतात. शेतकरी कालव्याच्या तळातला गाळ काढून वाफ्यावर पसरतो, तो जरा आळला की सुरीने त्याच्या वड्या पाडतो, प्रत्येक वडीत बोटाने खळगा करून बी टाकतो आणि रोप वर आले की वडीसकट उचलून शेतात लावतो. कालव्यांतले पाणी आता बरेचसे प्रक्रिया केलेले सांडपाणी असते, आणि अहोलोत हा इथला जलचर जंगली अवस्थेत नामशेष होण्याच्या काठावर आहे. तरी लेट्यूस आणि पालेभाज्या इथून अजून शहरात जातात. नावेचा दर माणशी नसून ताशी असतो, तेव्हा चार-सहा जण मिळून जावे, निघण्याआधी दर नक्की करावा आणि नावाड्याला गाण्यांच्या घोळक्याकडे नको, शेतांकडे ने, असे स्पष्ट सांगावे.