पहिल्या बुधवारचं व्रत

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निवडण्याआधी पक्षाचा उमेदवार निवडायची वेगळी निवडणूक असते, तिला प्रायमरी म्हणतात, हे मी सासूबाईंना सांगलीला फोन करून समजावत होते.

"म्हणजे तिकीटवाटप," त्या म्हणाल्या.

"तसंच, आई. पण इथे तिकीट लोकच देतात."

"मग दिल्लीचं काय काम?"

"काहीच नाही."

पलीकडे कुजबूज झाली आणि फोन सासऱ्यांकडे गेला. ते नगरपालिकेला बंडखोरी करून उभे राहिलेले आणि बंडखोरी करूनच पडलेले. "तिकीट वरून येत नसेल, तर बंडखोरी कुणाविरुद्ध करायची?" असं त्यांनी विचारलं, आणि मी उत्तर जुळवेपर्यंत फोन कार्डातले पैसे संपले.

हे 2003 सालचं. नवरा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर. या व्हिसावर तेव्हा नोकरी करायला सक्त मनाई होती. स्वयंपाक करणं, वाचनालयात जाणं आणि खिडकीतून पार्किंग लॉट बघणं याला सरकारची हरकत नव्हती. शेजारच्या अपार्टमेंटमध्ये निवृत्त शिक्षिका राहायच्या. माझा तो पार्किंग लॉटचा अभ्यास त्यांना बघवेना. एका बुधवारी दार वाजवून म्हणाल्या, "चल, देश वाचवायला जायचंय. सात वाजता." देश माझा नव्हता, पण गाडी त्यांची होती. मी चप्पल घातली.

वाचवणाऱ्याचं नाव हॉवर्ड डीन. पेशाने डॉक्टर, व्हरमाँट राज्याचे अकरा वर्षं गव्हर्नर. त्या राज्याची वस्ती सहा लाखांच्या आसपास, म्हणजे आमच्या सांगली जिल्ह्याच्या पावपटही नाही. मार्चमध्ये इराकचं युद्ध सुरू झालं तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षातले बडे बडे उमेदवार माना डोलवून बसले होते, आणि हा गृहस्थ बाह्या सरसावून विरोधात बोलत होता. मला ते आवडलं. त्याहून आवडली त्यांची बायको. तीही डॉक्टर, आणि नवरा राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेला असताना ही बाई आपले पेशंट सोडून प्रचाराला यायला तयार नाही. वर्तमानपत्रांना त्याचं कोण आश्चर्य! मला व्हिसाने घरी बसवलं होतं, त्यामुळे मी मनातल्या मनात उमेदवारापेक्षा तिलाच पाठिंबा देऊन टाकला.

तर हे लोक भेटायचे कसे? आदल्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये 'मीटअप' नावाची वेबसाइट निघाली होती. विणकाम आवडणारे, अमुक जातीची कुत्री पाळणारे, अशा लोकांनी आपापल्या गावात एकत्र जमावं म्हणून. तिच्यावर डीनवाले जमले आणि कुत्रेवाल्यांना मागे टाकून गेले. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी देशभर शेकडो ठिकाणी एकाच संध्याकाळी बैठक. जागासुद्धा सभासद वेबसाइटवर मत देऊन ठरवणार. आमच्या भागातल्या जनतेने लोकशाही पद्धतीने जे कॉफी हाउस निवडलं, त्यात खुर्च्या पंधरा होत्या आणि आम्ही पन्नास. काउंटरमागचा मुलगा आमच्याकडे अशा नजरेने बघे की प्रत्येकाला काहीतरी विकत घ्यावंच लागे. रात्री साडेसातला पिंपाएवढी कॉफी पिऊन मी पहाटे तीनपर्यंत टक्क जागी राहायची. राजकीय जागृती ती हीच, असं नवरा म्हणाला.

पण कॉफी परवडली. खरी परीक्षा होती ती ओळख करून देण्याची. छातीवर नावाचं स्टिकर चिकटवायचं, गोल करून बसायचं (पस्तीस जणांनी गोल करून उभं राहायचं) आणि प्रत्येकाने नाव सांगून आपण इथे का आलो ते थोडक्यात सांगायचं. आता, थोडक्यात सांगता येणारा माणूस संध्याकाळी सातला राजकीय बैठकीला येतच नाही. एका आजोबांनी व्हिएतनामपासून सुरुवात केली. माझा अंदाज होता की ते नऊच्या सुमाराला इराकला पोचतील, पण ते निक्सनपाशीच अडकले. एका बाईंनी आरोग्य विम्याची कहाणी सांगितली. ती मात्र ऐकताना घशात आवंढा आला. तिच्यानंतर एका तरुणाने आपण इथे एकटेपणामुळे आलो आहोत, असं सरळ सांगून टाकलं. त्या संध्याकाळचं सगळ्यात प्रामाणिक भाषण तेच, असं माझं आजही मत आहे, पण टाळ्या त्याला सर्वांत कमी पडल्या.

माझी पाळी आली. ज्योत्स्ना हे नाव स्टिकरवर लिहिल्यावर समोरचा माणूस त्याच्याकडे अवघड गणित पाहावं तसा पाहत राहिला आणि शेवटी त्याने मला 'जो' करून टाकलं. डीनच्या मोहिमेचे मॅनेजर जो ट्रिपी. त्यांचं नाव दर दोन वाक्यांनी निघे आणि मी दर वेळी दचके. "मी जो. मला मत नाही," मी सांगितलं. माझं काही मत नाही, असं समजून सगळ्यांनी मला प्रोत्साहन दिलं. नागरिकत्वच नाही, हे कळल्यावर तर आणखीच टाळ्या झाल्या. मत नसूनही आली! निक्सनवाल्या आजोबांनी उठून हात मिळवला. मी गाडीचं कारण सांगणार होते, ते पोटातच ठेवलं.

मग टोपली फिरली. एवढ्या वर्षांत भारतात दहीहंडी, गणपती, नवरात्र, कुणाचा तरी वाढदिवस, अशी वर्गणी मागायला आलेल्या एकाही पोराला मला नाही म्हणता आलं नव्हतं. आणि इथे मी टोपलीकडे बघून शांतपणे म्हणाले, "मला कायद्याने बंदी आहे." खरंच आहे. अमेरिकी निवडणुकीत देणगी द्यायची तर नागरिक तरी हवं, नाहीतर ग्रीन कार्ड तरी. एच-4वालीने एक डॉलर दिला तरी बेकायदा. फुकट राबायला मात्र बंदी नाही. हे वाचल्यावर तो कायदा कुठल्या तरी सासूने लिहिला असावा, अशी शंका मला आली.

बाकीचे लोक धडाधड देत होते. जुलैमध्ये उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचं बुश-चेनी प्रचारनिधीसाठी जेवण होतं, दोन हजार डॉलरला एक ताट. डीनच्या लोकांनी इंटरनेटवर आव्हान दिलं, आणि डीन स्वतः टर्कीचं साधं सँडविच घेऊन कॉम्प्युटरपुढे बसले. लोकांनी पाच-पन्नास डॉलर पाठवून चेनींच्या जेवणाहून जास्त रक्कम जमवली. वेबसाइटवर बेसबॉलच्या बॅटचं चित्र असे. जशी रक्कम वाढेल तशी बॅट लाल होत जाई. शेजारच्या बाई रात्री बारालासुद्धा बॅट कुठवर आली ते बघायच्या आणि भिंतीवर टकटक करून मला कळवायच्या. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत 1 कोटी 48 लाख डॉलर जमले. त्या काळात डेमोक्रॅटिक पक्षाच्या कुठल्याच आव्हानवीराने एका तिमाहीत एवढे जमवले नव्हते.

पैसे नाहीत, मत नाही. मग 'जो'ने करायचं काय? तर पत्रं लिहायची. प्रायमरीच्या सगळ्या खेळात तेव्हा पहिला नंबर आयोवाचा असायचा, मग न्यू हॅम्पशायरचा. आमच्या न्यू जर्सीची पाळी जूनमध्ये, म्हणजे जेवणावळ उठून पत्रावळी उचलल्यानंतर. म्हणून बैठकीत आम्हाला आयोवातल्या मतदारांची नावं-पत्ते मिळायचे आणि आपण होऊन, हाताने, मनापासून पत्र लिहायचं, असा आदेश असायचा.

इथे माझं नशीब उघडलं. त्या खोलीत डॉक्टरेट केलेले लोक होते, पण हाताने दोन ओळी लिहिल्या की त्यांचा हात दुखायचा. अक्षर असं की डॉक्टर डीनसुद्धा वाचून औषध देतील. मला मात्र शाळेत बाईंनी चार रेघी वहीत कर्सिव्ह घोटवून घेतलेली. मी एक पत्र लिहिलं, आणि गोलाभोवती ते हातोहात फिरलं. त्या दिवसापासून मी आमच्या शाखेची अधिकृत लेखनिक. बाकीचे देशाच्या भवितव्यावर बोलायचे आणि मी कोपऱ्यात मान मोडेपर्यंत लिहायची: "प्रिय मतदार, मी न्यू जर्सीत राहते आणि..." 'आणि' या शब्दानंतर काय लिहावं याचा विचार मी खूप केला. मी मतदार आहे असं म्हणता येईना. शेवटी लिहिलं, "आणि मला मत देता येत नाही, तुम्हाला येतं. म्हणून ते वाया घालवू नका." शेजारच्या बाईंचे डोळे भरून आले. आजोबांनी ते वाक्य आपल्या पत्रात उतरवून घेतलं. त्यांना मत होतं, तरीही.

सप्टेंबरचा पहिला बुधवार ऐन गणपतीत आला. घरी केलेले उकडीचे मोदक मी बैठकीला नेले. काउंटरवरच्या मुलाने बाहेरचं खाणं चालणार नाही, म्हणून सांगितलं. मग अख्खी सभा पार्किंगमध्ये गेली आणि तिथे माझ्या गाडीवाल्या बाईंच्या बॉनेटवर डबा उघडला गेला. "यात काय आहे?" या प्रश्नाचं उत्तर देण्यात पाऊण तास गेला. तूप म्हटल्यावर दोन जण मागे सरकले. आजोबांनी चार खाल्ले आणि युद्धाचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. आमची सर्वांत यशस्वी बैठक म्हणाल तर ती.

ऑगस्टच्या शेवटी न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कात मोठी सभा झाली होती. तिथे मी डीनना लांबून, दोन माणसांच्या खांद्यांमधल्या फटीतून पाहिलं. हातात फुगवलेली लाल बॅट. हजारो लोक. त्यातला प्रत्येक जण शेजारच्याला "तुम्ही कुठल्या मीटअपचे?" असं विचारत होता, आणि मग दोघं मीटअपबद्दलच बोलत राहायचे. मला तिथेच पहिली पाल चुकचुकली. आम्ही एकमेकांना इतके पटलो होतो की बाकीच्यांना पटवायचं काम शिल्लक आहे, ते कुणाच्या ध्यानातच नव्हतं. डिसेंबरमध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी पाठिंबा दिला तेव्हा आमच्या बैठकीत मंत्रिमंडळ ठरलं. शिक्षण खातं शेजारच्या बाईंकडे गेलं.

आयोवात तेव्हा मतदान नसायचं, कॉकस असायचं. जानेवारीच्या कडाक्यात, संध्याकाळी, शाळेच्या जिममध्ये वगैरे जमायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. साधारण पंधरा टक्के माणसं ज्या कोपऱ्यात जमली नाहीत, तिथल्यांनी दुसरा कोपरा शोधायचा. गुप्त मतदान वगैरे काही नव्हतं. शेजारी, सावकार, मुलीच्या शाळेतल्या बाई, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. सासऱ्यांना हे कळवलं तेव्हा त्यांनी आयुष्यात प्रथमच अमेरिकेबद्दल आदराने उद्गार काढले. "म्हणजे कोण फुटला ते तिथल्या तिथे दिसतं!"

तिकडे देशभरातून हजारो कार्यकर्ते भगव्याच्या जवळपास जाणाऱ्या नारिंगी लोकरी टोप्या घालून दारोदार फिरत होते. आमच्यातला एकटेपणावाला तरुणही गेला. (त्याचा एकटेपणा तिथे संपला. आयोवातून तो परतला तो लग्न ठरवूनच.) डीनच्या डॉक्टरीणबाईसुद्धा अखेर आदल्या दिवशी आयोवात आल्या, आणि मला उगाचच फितुरी झाल्यासारखं वाटलं.

19 जानेवारी 2004. डीनच्याच पक्षातले प्रतिस्पर्धी केरी 38 टक्के, एडवर्ड्स 32, आणि डीन 18. त्या रात्री डीन बाह्या वर करून मंचावर आले आणि आता आपण कुठे कुठे जाणार त्याची यादी ओरडून सांगू लागले: न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलिना, ओक्लाहोमा, ॲरिझोना, नॉर्थ डकोटा... आणि शेवटी ती जगप्रसिद्ध आरोळी. सभागृहात एवढा कल्ला होता की तिथल्या कित्येकांना ती नीट ऐकूही आली नाही. पण हातातल्या माइकने फक्त त्यांचाच आवाज उचलला, आणि टीव्हीने ती पुढचे काही दिवस शेकडो वेळा ऐकवली. सगळा देश आरोळीला हसत होता. आम्ही न्यू जर्सीवाले मात्र यादीवर रुसून बसलो. साउथ डकोटाचं नाव घेतलं, ओरेगॉनचं घेतलं, मिशिगनचं घेतलं. आमचं नाही!

फेब्रुवारीचा पहिला बुधवार आला तेव्हा आम्हाला खुर्च्या पुरल्या. आजोबांनी हिशेब मांडला की गणिताने अजूनही शक्यता आहे. कुणीच ते खोडून काढलं नाही. दोन आठवड्यांनी डीननी मोहीम थांबवली. त्यानंतर मार्चमध्ये त्यांच्याच व्हरमाँटने त्यांना प्रायमरीत निवडून दिलं, उशिरा का होईना. आमची बैठक पुढेही भरत राहिली. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही, पण 'ओळख करून द्या' हा भाग रद्द झाला, एवढी प्रगती झाली.

एप्रिलमध्ये माझ्या नावाने आयोवाहून एक पाकीट आलं. आत रेघांच्या कागदावर थरथरत्या हाताचं पत्र. एका आजींचं. त्यांना हिवाळ्यात डीनच्या लोकांची अकरा पत्रं आली होती. त्यातली सहा वाचता आली नाहीत, चारांमध्ये एकच वाक्य होतं, आणि अक्षर सगळ्यात सुंदर होतं ते माझं. असं अक्षर हल्ली मुलांना शिकवत नाहीत, म्हणून मुद्दाम आभार मानायला त्या लिहीत होत्या. माझं पत्र त्यांनी नातीला कित्ता म्हणून दिलं होतं.

खाली ताजा कलम: त्या केरींच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या होत्या, कारण बसायला बाक तिथेच होता.