जंताच्या गोळीबद्दल फिरणारा मेसेज खोटा आहे

‘शाळेत देतात त्या जंताच्या गोळीने विषबाधा होते, मुलांना घेऊ देऊ नका’ हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ती गोळी अल्बेंडाझोलची, 400 मिलिग्रॅमची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धीच, चुरून पाण्यातून देतात. औषधामुळे जंतांना साखर शोषून घेता येत नाही, ते उपाशी मरतात. पोटात जंत जास्त असतील तर मळमळ, पोटदुखी, एखादी उलटी होते. बहुधा थोड्या वेळात थांबते. त्यालाच लोक विषबाधा समजतात. गोळी मात्र नीट चावूनच खायला लावा. लहान मुलांनी अख्खी गिळली तर घशात अडकू शकते, आणि खरी भीती तीच! मूल आजारी असेल तर अंगणवाडीताईंना किंवा बाईंना आधी सांगा, त्या दिवशी गोळी देत नाहीत.