पाण्याला चार शब्द

लहानपणी आमच्या वावरात कापूस वेचायला सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून बाया यायच्या. हात बोंडांवर आणि तोंडानं अखंड गप्पा. मी पाण्याची कळशी घेऊन धुऱ्यावरून जवळ गेलो की त्या लगेच मराठीत बोलू लागायच्या. आजीला विचारलं तर म्हणाली, "जंगलातली भाषा हाय बाप्पा, तुले काय करा लागते?"

ती निहाली होती, हे मला एम.ए. होऊन नोकरीला लागल्यावर कळलं. जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी जिचं नातं सिद्ध झालेलं नाही, बोलणारी माणसं जेमतेम दोन-अडीच हजार, आणि ती राहतात आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात नि पलीकडे मध्य प्रदेशात. कायपर नावाच्या डच अभ्यासकानं 1962 साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. कॉलेजात मात्र तिचं नाव मी कधी ऐकलं नाही.

आता मी स्वतः बी.ए.ला शिकवतो. मागच्या वर्षी एका निहाल मुलीनं प्रवेशअर्जात मातृभाषा 'मराठी' लिहिली. काही बोललो नाही. पुढे एका तासाला फळ्यावर लिहिलं: मराठीत पाणी, गोंडीत येर, कोरकूत डा. चौथी जागा रिकामी ठेवली. बराच वेळ कोणी हललं नाही. मग ती उठली, खडू घेतला आणि लिहिलं, 'जोप्पो'. बारीक अक्षरात, फळ्याच्या अगदी कडेला. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, हे पेपरात येते का?"

नाही म्हणावं लागलं. ते अजून बोचतं.

म्हणून सांगतो, हे पेपरात आलं पाहिजे. आणि फक्त आदिवासी पोरांसाठी नाही. कुणबी, माळी, तेली, बौद्ध, मुसलमान, सगळ्यांसाठी, बी.कॉम., बी.एस्सी.लासुद्धा. मराठी आर्य कुळातली, गोंडी-कोलामी द्राविडी, कोरकूचं नातं थेट झारखंड-बंगालकडच्या संथालीशी, शिवाय तांड्यांवरची बंजाऱ्यांची गोरबोली. एवढं सगळं एका विदर्भात आहे आणि आमचा पदवीधर यातलं काहीच न शिकता बाहेर पडतो. उद्या तो तलाठी होतो, ती नर्स होऊन मेळघाटात जाते. समोरची बाई काय सांगते ते कळत नाही आणि मग म्हणायचं, "हे लोक ऐकतच नाहीत."

सॅन फ्रान्सिस्कोत 1968-69 मध्ये विद्यार्थ्यांनी जवळजवळ पाच महिने संप केला, तेव्हा तिथल्या कॉलेजात कृष्णवर्णीय, मूलनिवासी, आशियाई समाजांचा अभ्यास सुरू झाला. आपल्याला 2020 च्या शैक्षणिक धोरणानं स्थानिक ज्ञानासाठी जागा दिलेलीच आहे. ती गॅदरिंगमधल्या आदिवासी नृत्यानं भरू नका. दोन क्रेडिटचा पेपर ठेवा, गावातल्या म्हाताऱ्यांना वर्गात बोलवा आणि प्राध्यापकाला देता तेवढंच मानधन त्यांनाही द्या.

अभ्यास मंडळावर तुमच्यापैकी कोणी असेल तर इनबॉक्स करा. मसुदा तयार आहे. त्यातले निहाली शब्द त्या मुलीनं आपल्या आजीला विचारून लिहून दिलेत.