'तिथे जाऊन काय दिसतं?' : एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

सिंगापूरच्या फॉर्म्युला वन रेसवर लिहिलेल्या लेखाखाली 'पोल पोझिशन' या नावाने कुणीतरी प्रतिक्रिया टाकलीये. दोन ओळींत उत्तर देऊन सोडून देणार होतो, पण लिहीत गेलो आणि एवढं झालं, म्हणून वेगळंच टाकतोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी, साहेब म्हणतात: "रेस टीव्हीवरच कळते. तिथे गाड्या सूं करून जातात आणि तुमच्यासारखे हौशी लोक दिव्यांसमोर सेल्फी काढून स्वतःला फॅन म्हणवतात. वॉकअबाउट तिकीट म्हणजे लोकांची डोकी बघायचे पैसे. तसंही सिंगापूरला दरवर्षी सेफ्टी कार येते, ती कसली रेस. आणि हॉटेलवर उधळण्यापेक्षा जोहोर बारूला राहावं एवढी साधी अक्कल नाही."

डोक्यांचं आधी उरकतो, कारण ते खरंय. वॉकअबाउटवर (म्हणजे ठरलेली सीट नाही, फिरत उभ्याने बघायचं ते तिकीट) कुंपणाजवळची जागा लवकर जाऊन धरली नाही तर पुढच्याच्या टोपीवर रेस बघावी लागते. कबूल, शंभर टक्के कबूल.

पण 'तुमच्यासारखे हौशी लोक' म्हणजे कोण हो? ओळख ना पाळख, तुम्ही माझा एक लेख वाचला, त्यातला मरिना बेचा एक फोटो बघितला आणि ठरवून टाकलंत की हा माणूस सेल्फीवाला. त्या फोटोत मी नाहीचे, हेही बघितलं नाहीत. मतभेद असू शकतात, मला वावडं नाही, पण सुरुवातच समोरच्याची लायकी काढून करायची ही काय पद्धत झाली? दोन वाक्यं नीट लिहिली असतीत तर मीही नीट बोललो असतो.

आता फॅनचं सर्टिफिकेट मागताच आहात तर घ्या. २००० साली जपानमध्ये सुझुकाला शूमाकरने हाकिनेनला पिट स्टॉपमध्ये (टायर-इंधनासाठी थांबतात तेव्हा) गाठलं आणि फेरारीला २१ वर्षांनी ड्रायव्हरचं टायटल मिळालं, ती रेस मी टीव्हीसमोर उभ्याने बघितलीये, बसवत नव्हतं. २००५ ला इंडियानापोलिसला मिशेलिन टायरवाल्या सगळ्या गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर (रेसआधीची सावकाश फेरी) पिटमध्ये आत गेल्या, सहाच गाड्या पळाल्या आणि आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला, त्या चौथ्या नंबराला अर्थ आहे की नाही यावरून मी मित्रांशी अबोला धरलाय. २०११ ला बुद्ध सर्किटला पहिली इंडियन ग्रांप्री झाली तेव्हा स्टँडमध्ये होतो. तेव्हा व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरची इंजिनं होती, १८,००० आरपीएमपर्यंत जाणारी, कानात बोळे घालूनसुद्धा छातीत आवाज बसायचा. तो आवाज २०१४ पासून गेला. तो टीव्हीवर कधीच नव्हता साहेब, टीव्हीवाले कॉमेंट्री ऐकू यावी म्हणून आवाज दाबतात.

आणि मी टीव्हीच्या विरोधात कधी बोललो? २०२३ ला सिंगापूरला साइन्झ मुद्दाम हळू जाऊन मागच्या नॉरिसला डीआरएस (पुढच्या गाडीच्या अगदी जवळ असलं की मागचा पंख उघडून मिळणारा जादा वेग) देत राहिला, म्हणजे मर्सिडीजवाले नॉरिसला गाठणार नाहीत आणि पर्यायाने साइन्झलाही नाही, ती रेस मी घरीच सोफ्यावर बघितली. रेडिओवरचं बोलणं, सेकंदाच्या कितव्या भागाचा गॅप, सगळं स्क्रीनवर होतं. ती तशीच बघण्यात मजा होती, मान्य. पण म्हणून तिथे काहीच कळत नाही?

तुम्ही 'सूं करून जातात' म्हणता ते बहुतेक सरळ रस्त्यावर उभं राहून बघितलेल्या माणसाचं वाक्य आहे (किंवा न बघितलेल्या, देव जाणे). टर्न सातला, म्हणजे सातव्या वळणावर उभे राहा. रॅफल्स बुलेव्हार्डवरून गाड्या तीनशेच्या आसपास येतात आणि डावीकडे वळायला जवळजवळ अंगावर आल्यासारख्या ब्रेक मारतात. पहिल्या दोनचार लॅपमध्ये खरंच काही कळत नाही. नंतर डोळा बसतो आणि कळायला लागतं की हा गडी त्याच्या टीममेटपेक्षा गाडीभर उशिरा ब्रेक मारतोय, आणि पंधरा लॅपनी तोच माणूस आधी ब्रेक मारायला लागला म्हणजे मागचे टायर गेले त्याचे. टीव्हीवर एकच कोपरा सलग दहा लॅप कोण दाखवतो? कॅमेरा जिथे भांडण तिथे पळतो, त्यात चूक काही नाही, पण अकराव्या नंबरचा माणूस एकटाच काय करतोय ते तुम्हाला टीव्हीवर कधीच दिसणार नाही.

अँडरसन ब्रिजचंही तेच. जुना लोखंडी पूल, अरुंद, त्यातून बाहेर पडलं की लगेच फुलर्टन हॉटेलसमोरचा हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणारं वळण. शुक्रवारच्या प्रॅक्टिसला तिथल्या भिंतीपासून सगळे अंतर राखून जातात, शनिवारी क्वालिफायिंगला (रेसमध्ये कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरतं तेव्हा) तीच माणसं भिंतीला घासायच्या बेतात. हे दोन दिवस ओळीने बघितलं की स्ट्रीट सर्किट म्हणजे काय ते कळतं. बुद्धला चुकलात तर बाहेर मोकळी जागा होती, इथे चुकलात तर भिंत. शिवाय रात्र असूनही तो दमट उकाडा, आपण नुसतं उभं राहून घामाने चिंब होतो आणि ते त्या सूटमध्ये जवळपास दोन तास चालवतात. मग त्यांचं वजन एका रेसमध्ये दोनतीन किलोने उतरतं हे वाक्य, जे आपण कॉमेंट्रीत दरवर्षी ऐकतो, ते अंगाला कळतं. आणि एकूण रेसमध्ये काय चाललंय ते बघायला मोठे स्क्रीन असतात, मोबाइलवर लाइव्ह टायमिंग असतं, आपण काय आंधळे होऊन बसत नाही तिथे.

सेफ्टी कार, म्हणजे अपघात झाला की सगळ्यांना रांगेत हळू चालवायला पुढे येते ती गाडी. दरवर्षी येते म्हणे. २०२४ ला नॉरिस जिंकला त्या रेसमध्ये एकदाही आली नाही, एवढं तरी तपासायचं, टीव्हीवर सगळं कळतं ना तुम्हाला! आणि आली तर रेस कसली, हे तर अजबच. २००८ ची पहिलीच रेस घ्या, पिके ज्युनिअरने टर्न सतराला टीमच्या सांगण्यावरून गाडी भिंतीत घातली, सेफ्टी कार आली आणि त्यामुळे त्याचाच टीममेट अलोन्सो जिंकला, एवढं मोठं प्रकरण त्या एका सेफ्टी कारवरून झालं. २०१७ ला स्टार्टलाच वेटल, राइकोनेन आणि वेरस्टापेन तिघे एकमेकांत गेले. ही रेस नाही तर मग काय आहे?

जोहोर बारूवर (बॉर्डरपलीकडचं मलेशियातलं शहर) मी फार बोलणार नाही, कारण तिथे 'अक्कल' हा शब्द आलाय. एवढंच सांगतो की रेस सुरू होते तिथल्या रात्री आठला, संपायला दहा वाजतात, पाऊस आला तर आणखी उशीर, २०२२ ला स्टार्टच तासाभराने लांबला होता. त्यानंतर गर्दीतून गेटबाहेर पडायचं, एमआरटी (तिथली मेट्रो) पकडायची, मग वुडलँड्सला बॉर्डरच्या रांगेत पासपोर्ट घेऊन उभं राहायचं, पलीकडे मलेशियाची परत रांग, आणि हे शुक्रवार ते रविवार तिन्ही रात्री. तुम्ही करा खुशाल, आणि सोमवारी सकाळी किती वाजता झोपलात ते कळवा.